टिकटिक बंद करायची की नाही

आमच्या इमारतीत प्रत्येक घराच्या भिंतीवर इंटरकॉमचा पांढरा फोन लावलेला आहे. बिल्डरने माहितीपत्रकात त्याचा चांगला मोठा फोटो छापला होता. आता बहुतेकांनी त्याच्यावर किल्ल्या टांगल्या आहेत, कारण ज्याला जे सांगायचं असतं ते तो मोबाइलच्या ग्रुपवर टाकून मोकळा होतो. माझ्या घरात तो फोन पहिल्यांदा वाजला तेव्हा आवाज कसला हेच मला कळेना. मी आधी गॅस बघितला, मग दार उघडून पाहिलं आणि मग भिंतीकडे गेलो.

"मी सातव्या मजल्यावरून बोलतेय," एक बाई म्हणाल्या. "कंपाउंडच्या भिंतीला लागून उभा असतो तो टेम्पो तुमचा का?"

कुणी टेम्पोचं नाव काढलं की मी भांडायच्या तयारीतच असतो. इथे आमची जुनी चाळ होती. ती पाडून हा टॉवर बांधला तेव्हा टेम्पोची जागा मी करारात लिहून घेतली, आणि नव्या लोकांच्या चकचकीत गाड्यांच्या शेजारी तो म्हातारा उभा असलेला बऱ्याच जणांच्या डोळ्यांत सलतो. माझाच आहे, काय झालं, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

त्याला काहीतरी झालंय, त्या म्हणाल्या. सकाळी सुरू केला की टिकटिक करतो. मी म्हटलं, बाई, तो जुना आहे. त्यावर त्या म्हणाल्या की जुना आहे ते त्यांना माहीत आहे, त्याचा जुना आवाज त्यांच्या ओळखीचा आहे आणि त्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नाही. ही टिकटिक नवीन आहे. मी ठणकावून सांगितलं की टेम्पो मी चालवतो, टिकटिक असती तर मला ऐकू आली असती. आणि फोन ठेवला.

आता खरं ते लिहितो. माझा डावा कान कामातून गेला आहे. ह्या जातीच्या टेम्पोत इंजिन केबिनच्या आतच असतं, चालवणाऱ्याच्या डाव्या मांडीला लागून, एका पत्र्याच्या झाकणाखाली. त्या झाकणावर मी आयुष्यभर डबा ठेवून गरम केला, आणि डबा गरम होत असताना कान थंड पडत गेला. उजव्या कानावर माझं भागतं. पण इंजिन नेमकं डावीकडे, त्यामुळे त्याचं काय चाललंय ते सातव्या मजल्यावर आधी कळतं आणि मला नंतर.

मी मिठाईची रिकामी खोकी वाहतो. मुलुंडच्या एका औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याच्या खोक्यांचा गाळा आहे. तिथून माल उचलायचा आणि घाटकोपरपासून ठाण्यापर्यंतच्या मिठाईवाल्यांना पोचवायचा. माल दिसायला डोंगराएवढा आणि वजनाला काही नाही, निव्वळ हवा. म्हणून तर हा टेम्पो अजून टिकला. लोक म्हणतात, आता कशाला राबता, विका तो खटारा. मुलगी बोरिवलीहून दर रविवारी फोन करते आणि तेच म्हणते. विकून काय करू, हे मात्र कोणी सांगत नाही. गाळ्यावरचा माणूस खोकी मोजताना माझ्याशी दोन शब्द बोलतो, मिठाईवाला पाणी विचारतो. घरी बसलो तर तेवढंही नाही.

चाळीत फार प्रेम होतं, असं म्हणणाऱ्यांनी तिथल्या संडासाच्या रांगेत एकदा उभं राहून दाखवावं. मला काही त्या चाळीची आठवण काढून रडायचं नाही. पण तिथे कुणाशी बोलायला कारण लागत नव्हतं. इथे लागतं. लिफ्टमध्ये चार माणसं असली तर चौघं मजल्यांचे आकडे बघतात. जुने शेजारी निम्मेअधिक घरं विकून बदलापूर, डोंबिवलीला गेले. इमारत उभी राहत होती तोवर आम्ही भांडुपला भाड्याच्या खोलीत राहिलो आणि तिथेच बायको गेली. नवं घर तिने पाहिलं ते फक्त बाहेर लावलेल्या पत्र्यांच्या फटीतून, पायासाठी खणत होते तेव्हा. मला एकटं वाटतं. हे मी मुलीला सांगत नाही, कारण सांगितलं की ती मला उचलून बोरिवलीला नेईल आणि तिच्या दोन खोल्यांत माझी खाट कुठे लावायची ह्यावरून तिच्या घरात कटकट सुरू होईल.

तर असा तो फोन आला. दोन दिवसांनी पुन्हा आला. "टिकटिक वाढलीय," त्या म्हणाल्या. मी विचारलं, सगळे ग्रुपवर तक्रारी टाकतात, तुम्ही फोन का करता? त्या म्हणाल्या, चारचौघांत कुणाची तक्रार करणं त्यांना आवडत नाही, ज्याचं त्याला सांगावं. आणि फोनची त्यांना सवय आहे. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली. लोकांना ट्रंक कॉल जोडून द्यायच्या. एवढं बोलून त्यांनी 'बरं तर' म्हणून फोन ठेवला. मी मात्र रिसीव्हर हातात घेऊन उभाच होतो.

भांडुपला माझा ओळखीचा मेकॅनिक आहे. टेम्पो त्याच्याकडे नेला. त्याने झाकण उघडलं, कान लावला आणि मान हलवली. त्याला काही ऐकू येईना. मग त्याने विचारलं, टिकटिक गाडी थंड असताना होते आणि गरम झाली की जाते, असं आहे का? कारण घरून भांडुपला येईपर्यंत गाडी गरम होणारच. मी म्हटलं, मला मुळात ऐकूच येत नाही, तर जाते की राहते हे कसं सांगू?

"मग घरात कोणाला तरी ऐकायला सांगा ना काका," तो म्हणाला.

घरात कोणाला तरी. किती सहज म्हणतात लोक. मी हो म्हणून परत आलो आणि सातव्या मजल्यावरून फोन येण्याची वाट बघत बसलो. आपण होऊन फोन करायचं माझ्या मनातही आलं नाही. एकट्या बाईला एकट्या पुरुषाने फोन करायचा म्हणजे तसंच कारण हवं, आणि तक्रार करण्याचा हक्क त्यांचा होता. त्यांच्या घरात त्या एकट्याच आहेत हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. फोनवर मागून कधी टीव्हीचा, भांड्याचा किंवा दुसऱ्या माणसाचा आवाज येत नसे, त्यावरून मी ओळखलं.

फोन आला तेव्हा मी मेकॅनिकचं म्हणणं त्यांना सांगितलं. त्यांनी ते कामासारखंच अंगावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेम्पो सुरू करून तसाच उभा ठेवला आणि खाली उतरून वर पाहिलं. त्या गॅलरीत आल्या होत्या. अंगावर शाल, मान एका बाजूला कललेली, कान माझ्याकडे. आम्ही दोघं कितीतरी वेळ तसेच उभे होतो, मी खाली आणि त्या वर. शेजारची एक बाई कुत्र्याला फिरवायला निघाली होती, ती माझ्याकडे बघत गेली. मग त्यांनी हात वर केला आणि 'झालं, निघा' अशी खूण केली. त्या दिवशी खोकी पोचवताना माझं मन उगाचच खुशीत होतं. मिठाईवाल्याने विचारलंसुद्धा, काका, आज काय विशेष?

दुपारी त्यांनी सविस्तर सांगितलं. सुरू झाल्या झाल्या टिकटिक जोरात होती, मग हळूहळू बारीक होत गेली आणि शेवटी नुसती घरघर राहिली. मी ते जसंच्या तसं मेकॅनिकला सांगितलं. तो हसला. म्हणाला, "मेनफोल फुटलाय, दुसरं काय नाय. आणि काका, त्या मॅडमना गॅरेजवर घेऊन या, मी नोकरीला ठेवतो."

मेनफोल म्हणजे इंजिनातून निघणारा जळका धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा बिडाचा जाड तुकडा. त्याला तडा गेला होता. थंड असताना तडा उघडा राहतो आणि त्यातून धूर टिकटिक करत बाहेर येतो. तापला की बीड फुगतं आणि तडा मिटतो. म्हणजे रोज सकाळी मी घरून निघेपर्यंत टेम्पोचं दुखणं सगळ्या इमारतीला ऐकू यायचं आणि रस्त्याला लागलो की तो शहाण्यासारखा गप्प व्हायचा.

मेकॅनिकने दोन गोष्टी सुचवल्या. एक, तड्यावर वेल्डिंग मारायचं. पण बिडावर वेल्डिंग फार दिवस धरत नाही, पाच-सहा महिन्यांत तडा पुन्हा उघडणार. भंगारातून दुसरा मेनफोल आणावा तर तोही ह्याच्याच वयाचा. दोन, बिडाचा तुकडाच काढून टाकायचा आणि त्याच्या जागी हेडर बसवायचा. हेडर म्हणजे प्रत्येक सिलिंडरची स्वतंत्र स्टीलची नळी, आणि पुढे जाऊन सगळ्या नळ्या एकत्र. कुर्ल्याला एक जण करून देतो. सोबत नवा सायलेन्सर टाकला की आवाज अगदी खाली येईल, इंजिन मोकळा श्वास घेईल, चढावर ओढ वाढेल. टेम्पो मरेल पण हेडर मरणार नाही, असं तो म्हणाला. एकच भीती होती. जुने बोल्ट गंजलेले, काढताना एखादा आतच तुटला तर इंजिनाचं डोकं उतरवावं लागेल. विचार करून सांगतो, मी म्हटलं.

आणि मी विचार करत राहिलो. लोकांना वाटेल, ह्यात विचार करण्यासारखं काय आहे? पण मला स्पष्ट दिसत होतं. वेल्डिंग केलं तर काही महिने शांतता आणि मग पुन्हा टिकटिक, म्हणजे पुन्हा फोन. हेडर बसवला तर कायमचं गप्प. मी काहीच केलं नाही तर फोन चालूच. म्हणून मी काहीच केलं नाही.

दुपारी घरी आलो की हातपाय धुऊन मी फोनच्या आसपासच घोटाळायचा. त्या सुरुवात टेम्पोपासून करायच्या. आज जरा कमी होती, आज गेटपर्यंत ऐकू आली. मग हळूच दुसरं काहीतरी निघायचं. तुमच्या खोक्यांत पेढे भरतात की बर्फी? रिकाम्या खोक्यांना वास येतो का? मी सांगायचो, नुसता खळीचा वास. त्या हसायच्या. एकदा त्यांनी विचारलं, जेवण कोण करतं? मी म्हटलं, मीच. भात नेहमी जास्त होतो. त्या म्हणाल्या, एका माणसाचा भात कुणालाच जमत नाही. खाली कधी लिफ्टमध्ये भेट झाली तर आम्ही नुसती मान हलवायचो आणि बाकीच्यांसारखे आकडे बघत उभे राहायचो. फोनवर जे बोलणं व्हायचं ते समोरासमोर आमच्या दोघांच्याही तोंडून निघत नसे.

मेकॅनिक मात्र मागे लागला होता. एकदा गॅरेजसमोरून जाताना त्याने मला थांबवलं आणि केबिनमध्ये डोकं घालून वास घेतला. "धूर आत येतोय काका," तो म्हणाला. "तडा लांबलाय, आता तापला तरी पुरता मिटत नाय. डोकं दुखतं ना? एक दिवस स्टेअरिंगवरच झोपाल आणि कळणार पण नाय." डोकं दुखत होतं. खोकलाही सुरू झाला होता. मी वयावर ढकललं.

सातव्या मजल्यावर ते खपलं नाही.

"खोकताय तुम्ही," त्या म्हणाल्या.

"धुळीचा आहे."

"धुराचा आहे. टिकटिक वाढलीय तेव्हापासून तुमचा खोकला वाढलाय. एकदाच काय ते नीट करून घ्या ना. त्याच त्याच गोष्टीसाठी पुन्हा पुन्हा फोन करायला लागू नये."

त्यातला खोकला माझ्या कानात शिरलाच नाही. शेवटचं तेवढं शिरलं आणि रुतलं. म्हणजे इतके दिवस ह्यांना फोन करावा लागत होता. मी हातपाय धुऊन वाट बघत होतो आणि ह्या बिचाऱ्या कर्तव्य म्हणून रिसीव्हर उचलत होत्या. माझ्या नाकावर राग असतो, बायको नेहमी म्हणायची. करतो, पुन्हा त्रास होणार नाही, असं तोडून बोललो आणि फोन आपटला. दुसऱ्या दिवशी टेम्पो गॅरेजमध्ये उभा केला आणि सांगितलं, हेडर बसव.

मेकॅनिक बघतच राहिला. एवढ्या जुन्या गाडीला वेल्डिंग पुरेल, असं तोच आता म्हणायला लागला. पोरं रेसिंगसाठी हेडर टाकतात, तुम्ही रिकाम्या खोक्यांसाठी टाकताय. मी म्हटलं, तू टाक.

बोल्टांनी अंत पाहिला. त्यांना तेल पाजलं, तापवलं, पुन्हा तेल पाजलं. एक शेवटपर्यंत अडून बसला तेव्हा मला वाटलं, तुटेल आणि सगळंच रद्द होईल, आणि तसं व्हावं अशी आशाही वाटली. पण तो निघाला. बिडाचा तुकडा हातात आला तेव्हा त्याच्यावरचा तडा बघितला. केसाएवढा. त्यातून इतका आवाज येत असेल असं वाटत नव्हतं. मग चकचकीत नळ्या बसल्या, सायलेन्सर बसला. मेकॅनिकने इंजिन थंड होऊ दिलं, पुन्हा सुरू केलं आणि विचारलं, "काय काका, कसा वाटतोय आवाज?"

मला काहीच फरक कळला नाही. जे मला आधी ऐकू येत नव्हतं ते आता बंद झालं होतं. माझ्या टेम्पोची शांतता ऐकू येणार होती ती फक्त सातव्या मजल्यावर. मला तिचा पुरावा एकच मिळणार होता, आणि तो दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला. फोन वाजला नाही.

त्यानंतर वाजलाच नाही. डोकेदुखी थांबली, खोकला गेला, चढावर टेम्पो तरुणासारखा पळायला लागला. मी मात्र सकाळी गरज नसताना गेटपाशी इंजिन रेज करून बघितलं. एकदा केबिनचं दार इतक्या जोरात आपटलं की वॉचमन धावत आला. वर गॅलरीत कुणी आलं नाही. सातव्या मजल्यावरच्या बाई गावाला गेल्या का, असं मी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, आहेत की, सकाळीच दूध घेतलं. ते ऐकून मला हायसं वाटलं आणि लगेच रागही आला. आहेत, तरी फोन नाही.

दिवाळीचा हंगाम आला, खोक्यांच्या फेऱ्या वाढल्या. गाळ्यावर बोलायलाही कुणाला फुरसत नव्हती. घरी यायचो, जास्तीचा भात करायचो, खायचो. त्या पांढऱ्या फोनवर धूळ बसायला लागली आणि मीही त्याच्यावर टेम्पोची किल्ली टांगायला लागलो.

एका दुपारी ठाण्याहून परतताना सिग्नलला थांबलो होतो. इंजिन इतकं नरम चाललं होतं की मला माझा स्वतःचा श्वास ऐकू येत होता. तेव्हा त्यांचं ते बोलणं मला पुन्हा आठवलं आणि ह्या वेळी ते सगळं आठवलं. माझ्या टिकटिकीबरोबर खोकल्याचाही हिशोब ठेवणारी बाई मला नुसती टाळत होती, असं कसं होईल? आणि समजा त्यांना मला टाळायचं नव्हतं, तरी त्यांनी फोन कशाच्या नावाखाली करायचा? तेवढी एक तक्रार होती त्यांच्याकडे. ती मी रागाच्या भरात, स्टीलच्या नळ्या लावून, कायमची काढून घेतली होती. मागची गाडी हॉर्न मारायला लागली तेव्हा कळलं की सिग्नल सुटलाय.

घरी येऊन मी तक्रार शोधायला लागलो. माझ्याकडे एखादी खरी तक्रार असती तर काम झालं असतं. त्या सातव्यावर, मी दुसऱ्यावर. त्यांच्या घरचं पाणी माझ्याकडे झिरपत नाही. कुकरच्या शिट्ट्या इथवर येत नाहीत. त्यांच्या घरी गाणं-बजावणं नाही, पोरं नाहीत, कुत्रं नाही. इतकं निरुपद्रवी माणूस ह्या इमारतीत दुसरं नसेल. बऱ्याच वेळाने मला एक तक्रार सापडली. मी फोनवरची किल्ली काढली आणि रिसीव्हर उचलला.

हा फोन मी कधी लावलेला नव्हता. पहिल्यांदा तो गेटवर लागला आणि वॉचमनने काय झालं काका म्हणून विचारलं. काही नाही म्हटलं आणि भिंतीवरच्या कागदावरच्या सूचना चष्मा लावून वाचल्या. मग त्यांच्या घराचा नंबर दाबला. पलीकडे घंटा वाजायला लागली तशी मी शर्टाची कॉलर सरळ केली. ह्या वयात असं करावं ह्याची मला लाज वाटली, पण फोन ठेवला नाही.

"हॅलो," त्या म्हणाल्या.

मी कोण ते सांगितलं. पुढचं जुळवून ठेवलेलं सगळं डोक्यातून गेलं.

"टेम्पो बरा आहे ना?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे. माझी एक तक्रार आहे."

"माझ्याबद्दल?"

"हो," मी म्हटलं. "तुमचा आवाज येत नाही."

मी रिसीव्हर उजव्या कानाशी घट्ट धरून उभा राहिलो. मग त्या बोलल्या, अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून.

"आता येतोय का?"

"येतोय," मी म्हटलं. "बोला."